झाकली मूठ आणि सरकारी भांडवल : अमेरिकेच्या बँका १९३३ मध्ये पुन्हा कशा उभ्या राहिल्या

सप्टेंबर १९३३. शिकागो येथे अमेरिकन बँकर्स असोसिएशनचे वार्षिक अधिवेशन भरले होते. सहा महिन्यांपूर्वीच देशातील एकूण एक बँक सरकारी हुकमाने बंद ठेवावी लागली होती. त्या धक्क्यातून सावरलेले, निदान सावरल्यासारखे दिसणारे बँकांचे अध्यक्ष आणि संचालक सभागृहात बसले होते. त्यांच्यापुढे बोलायला उभे राहिले ते टेक्सासमधील ह्यूस्टनचे जेसी जोन्स. लाकडाच्या व्यापारापासून सुरुवात करून इमारती, वृत्तपत्र आणि बँक असा पसारा उभा केलेले हे गृहस्थ आता एका अवाढव्य सरकारी महामंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ एवढाच होता, की शहाणे असाल तर सरकारला आपल्या बँकेत भागीदार करून घ्या.

सभागृहाला ते रुचले नाही. मग त्याच मुक्कामातील एका अनौपचारिक बैठकीत जोन्स यांनी आडपडदा ठेवला नाही. इथे जमलेल्या निम्म्याहून अधिक बँका दिवाळखोर आहेत आणि ज्याचे त्याला ते चांगले ठाऊक आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिफ्टी बिलियन डॉलर्स’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग त्यांनीच नोंदवला आहे.

सरकार पैसे घेऊन दारात उभे आहे आणि बुडत्या बँका ‘नको’ म्हणत आहेत, हे दृश्य चमत्कारिक खरे. त्याचा उलगडा होण्यासाठी दीड वर्ष मागे जावे लागते.

१९२९ च्या शेअर बाजारातील कोसळीनंतर अमेरिकेत बँका बुडण्याचे सत्र सुरू झाले. १९३० ते १९३३ या चार वर्षांत नऊ हजारांहून अधिक बँकांचे व्यवहार थांबले. ठेव विमा नावाची गोष्ट देशपातळीवर अस्तित्वात नव्हती. बँक बुडाली म्हणजे आयुष्यभराची बचत गेली, किंवा फार तर वर्षानुवर्षे थांबून तिचा काही अंश हाती आला. त्यामुळे एखाद्या बँकेविषयी नुसती कुजबुज झाली तरी पहाटेपासून रांगा लागत, आणि रांग लागली की धडधाकट बँकही आजारी पडे.

राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी जानेवारी १९३२ मध्ये यावर उपाय म्हणून रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे पुनर्रचना वित्त महामंडळ, स्थापन केले. ‘आरएफसी’ या अद्याक्षरांनीच ते ओळखले जाई. सरकारने त्याला ५० कोटी डॉलर भांडवल दिले आणि वर दीड अब्ज डॉलर कर्ज उभारण्याची मुभा दिली. काम एकच होते : अडचणीतील बँकांना, रेल्वे कंपन्यांना आणि इतर वित्तसंस्थांना कर्ज देणे. अट अशी, की कर्जाला पुरेपूर तारण हवे.

या अटीतच सगळी गोम होती. ती समजण्यासाठी बँकेच्या ताळेबंदाकडे पाहिले पाहिजे.

समजा, एका बँकेने १०० डॉलरची कर्जे आणि रोखे धारण केले आहेत. त्यांपैकी ९० डॉलर ठेवीदारांचे आणि १० डॉलर भागधारकांचे, म्हणजेच बँकेचे भांडवल. मंदी आली, कर्जदार थकले, रोख्यांचे भाव पडले आणि १०० ची मालमत्ता ८५ वर आली. देणे मात्र ९० चेच राहिले. भांडवल संपून वर पाच डॉलरचे भगदाड पडले. आता सरकारने या बँकेला १० डॉलर कर्ज दिले तर काय होईल? तिजोरीत १० डॉलर येतील, पण देणेही १० नी वाढेल. मालमत्ता ९५, देणे १००. भगदाड जिथल्या तिथे. रांगेतल्या माणसाला आज पैसे मिळतील एवढाच फरक.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट होई. सुरुवातीच्या काळात आरएफसीची कर्जे अल्प मुदतीची होती, व्याज चढे होते आणि तारण म्हणून बँकेकडील उत्तमातले उत्तम रोखे मागितले जात. चांगली मालमत्ता महामंडळाच्या कपाटात गेली की मागे उरलेल्या ठेवीदारांच्या वाट्याला नुसता गाळ येई. हे ज्या ठेवीदाराच्या लक्षात येई तो रांगेत आणखी पुढे घुसे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

रोकड आटणे आणि भांडवल आटणे हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्यावर कर्ज हे औषध आहे, दुसऱ्यावर नाही. आज हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. १९३२ च्या वॉशिंग्टनमध्ये मात्र ते कळण्यासाठी एक अख्खे वर्ष आणि हजारो बँका खर्ची पडल्या.

त्यात राजकारणाची भर पडली. आरएफसीचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डॉज हे देशाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. जून १९३२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते शिकागोतील आपली सेंट्रल रिपब्लिक बँक सावरण्यासाठी निघून गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्या बँकेसाठी आरएफसीने ९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. ही बँक कोसळली असती तर शिकागोतील इतर मोठ्या बँकाही तिच्यामागोमाग गेल्या असत्या, हे कारण खोटे नव्हते. तेव्हा महामंडळाचे संचालक असलेले जोन्स स्वतः शिकागोत होते आणि कर्ज द्यावे असाच त्यांचा सल्ला होता. पण ज्या सरकारने बेरोजगारांना थेट मदत करण्यास हात आखडता घेतला, त्याच सरकारने आपल्या माणसाच्या बँकेला मात्र रातोरात ९ कोटी दिले, हे सामान्य माणसाला कसे पटावे?

लोकांचा संताप रास्त होता. त्यातून निघालेला उपाय मात्र घातक ठरला. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन नान्स गार्नर यांनी आरएफसीकडून कर्ज घेणाऱ्यांची नावे काँग्रेसला कळवलीच पाहिजेत असा आग्रह धरला. ऑगस्ट १९३२ पासून ती यादी वृत्तपत्रांत येऊ लागली. जानेवारी १९३३ मध्ये आधीच्या कर्जांचीही नावे बाहेर आली. सार्वजनिक पैसा कुठे जातो हे जनतेला कळावे, या तत्त्वाला कोण नाही म्हणेल? पण बँकेचा धंदाच असा, की तिथे झाकली मूठ सव्वा लाखाची. यादीत नाव छापून आले की दुसऱ्या दिवशी दारात रांग. त्यामुळे मदतीची खरी गरज असलेल्या बँका अर्ज करण्याचेच टाळू लागल्या.

मग डेट्रॉईटचे प्रकरण घडले. फेब्रुवारी १९३३ मध्ये तिथली युनियन गार्डियन ट्रस्ट कंपनी बुडण्याच्या बेतात होती. तिने आरएफसीकडे धाव घेतली, पण तारण अपुरे पडले आणि कायद्याने महामंडळाचे हात बांधलेले होते. या कंपनीत हेन्री फोर्ड यांची सुमारे ७५ लाख डॉलरची ठेव होती. ती त्यांनी काही काळ मागू नये, इतरांच्या देण्यानंतर तिचा विचार व्हावा, अशी विनंती करण्यासाठी हूव्हर सरकारचे दोन वरिष्ठ प्रतिनिधी त्यांच्या दारी गेले. फोर्ड यांनी साफ नकार दिला. दुसरीकडे मिशिगनचे सिनेटर जेम्स कझन्स पुरेशा तारणाशिवाय कर्ज देण्याच्या कट्टर विरोधात उभे होते. कझन्स हे एके काळचे फोर्ड यांचेच भागीदार, आणि आता त्यांचे प्रतिस्पर्धी. दोन जुन्या भागीदारांमधील तेढ नेमकी अशा वेळी आडवी यावी हा योग विलक्षणच. १४ फेब्रुवारीच्या पहाटे गव्हर्नर विल्यम कॉमस्टॉक यांनी संपूर्ण मिशिगन राज्यातील बँका आठ दिवसांसाठी बंद केल्या.

‘बँक-सुट्टी’ हे या हुकमाचे गोंडस नाव. मोटारींची राजधानी असलेल्या राज्यात पगाराचे धनादेश वटेनात. शेजारच्या राज्यांतील लोकांनी हे पाहिले आणि आपापल्या बँकांकडे धाव घेतली. राज्यामागून राज्य बंद होत गेले. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा शपथविधी झाला तेव्हा देशातील जवळजवळ प्रत्येक राज्यात बँका एक तर बंद होत्या किंवा त्यांच्या व्यवहारांवर निर्बंध होते. ६ मार्चला नव्या राष्ट्राध्यक्षांनी देशभर बँक-सुट्टी जाहीर केली. उरल्यासुरल्या बँकांनाही टाळे लागले.

पुढील तीन दिवसांत अर्थखात्यात जे घडले त्याची आठवण इतिहासात क्वचितच ठेवली जाते. पराभूत हूव्हर सरकारचे ऑग्डेन मिल्स, आर्थर बॅलन्टाईन यांच्यासारखे अधिकारी घरी गेले नाहीत. नवे अर्थमंत्री विल्यम वुडिन यांच्याशेजारी बसून त्यांनी कायद्याचा मसुदा तयार करण्यास हातभार लावला. एका पक्षाने सत्ता गमावली होती, दुसऱ्याने ती मिळवली होती, आणि दोघांची माणसे एकाच टेबलावर रात्रभर जागत होती. ९ मार्चला विधेयक मांडले गेले. प्रतिनिधिगृहातील सदस्यांना वाटायला छापील प्रतीही तयार नव्हत्या. उपलब्ध प्रत मोठ्याने वाचून दाखवली गेली, तासाभराच्या आत चर्चा आटोपली आणि त्याच रात्री कायद्यावर सही झाली.

हा तातडीचा बँकिंग कायदा बँक-सुट्टीला कायदेशीर आधार देणारा म्हणून ओळखला जातो. परंतु त्याच्या तिसऱ्या भागात एक तरतूद होती, जिच्याकडे त्या गडबडीत फार थोड्यांचे लक्ष गेले. राष्ट्रीय सनद असलेल्या बँकांना अग्रहक्क भाग काढण्याची आणि आरएफसीला ते विकत घेण्याची मुभा मिळाली. सरकारला आता बँकांना केवळ कर्ज नव्हे, तर भांडवल देता येणार होते.

अग्रहक्क भाग म्हणजे कर्ज आणि मालकी यांच्या मधली वस्तू. तो धारण करणाऱ्याला ठरलेल्या दराने लाभांश मिळतो, आणि तोही सामान्य भागधारकाच्या आधी. पण कर्जासारखी परतफेडीची तलवार त्यात टांगलेली नसते. बँक बुडाली तर ठेवीदारांचे देणे आधी, सरकारचे नंतर. वरच्या उदाहरणातील बँकेत सरकारने १२ डॉलरचे असे भाग घेतले तर मालमत्ता ९७ होते आणि देणे ९० च राहते. भगदाड बुजते आणि सात डॉलरचे भांडवल उभे राहते. तारण म्हणून एकही चांगला रोखा काढून द्यावा लागत नाही. कर्जाच्या वेळी सरकार ठेवीदाराच्या पुढे रांगेत उभे होते. आता ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. सगळा फरक या जागेच्या बदलात आहे.

१२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट यांनी रेडिओवरून साध्या भाषेत बँकेचे काम कसे चालते ते समजावून सांगितले, आणि १३ तारखेपासून तपासणी झालेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. रांगा पुन्हा लागल्या, पण या वेळी लोक गादीखाली दडवलेले पैसे परत भरायला आले होते. ही कथा अनेकदा सांगितली जाते आणि ती खरीही आहे. मात्र ती तिथेच संपत नाही. सुट्टीपूर्वी देशात सुमारे १७,८०० व्यापारी बँका होत्या. सुट्टी संपली तेव्हा १२,००० हून कमी बँकांना उघडण्याची परवानगी मिळाली. ज्या उघडल्या, त्या सगळ्याच निरोगी होत्या असेही नाही. आठवडाभरात हजारो ताळेबंद बारकाईने तपासणे कोणालाही शक्य नव्हते. राष्ट्राध्यक्षांच्या आवाजाने लोकांची भीती गेली. भगदाडे मात्र आवाजाने बुजत नाहीत.

मे १९३३ मध्ये जोन्स आरएफसीचे अध्यक्ष झाले. बँकांच्या संकटाचा त्यांना पूर्वानुभव होता. ऑक्टोबर १९३१ मध्ये ह्यूस्टनमधील दोन बँका बुडू लागल्या तेव्हा त्यांनी शहरातील सर्व बँकांच्या प्रमुखांना आपल्या कचेरीत बोलावले, रात्र रात्र बसवून ठेवले आणि सर्वांकडून वर्गणी काढून त्या दोन्ही बँका सावरल्या. एकाचे घर पेटले तर आळी पेटेल, हे त्यांनी शेजाऱ्यांच्या गळी उतरवले होते. आता तेच काम देशपातळीवर करायचे होते.

पण बँकवाले पुढे येईनात. त्यांची कारणे तीन होती आणि तिन्ही समजण्यासारखी. सरकारने भाग घेतले म्हणजे उद्या वॉशिंग्टनमधील बाबू कर्ज कोणाला द्यावे ते सांगणार, हे पहिले. सरकारचा लाभांश आधी द्यावा लागल्याने जुन्या भागधारकांच्या तोंडचा घास जाणार, हे दुसरे. तिसरे कारण उघडपणे बोलले जात नव्हते, पण तेच सर्वांत मोठे होते. सरकारचे पैसे घेणे म्हणजे आपली बँक आजारी असल्याची जाहिरात. गार्नर यांच्या यादीची जखम अजून ताजी होती.

तिसऱ्या कारणावर जोन्स यांनी शोधलेला उतारा साधा होता : सगळ्यांनीच घ्या. ज्यांना गरज नाही अशा बलाढ्य बँकांनी आधी घ्या. रोगी आणि निरोगी यांनी एकच टोपी घातली की टोपीवरून रोगी ओळखता येत नाही. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांवर त्यांनी यासाठी दबाव आणला. नॅशनल सिटी बँकेने सरकारला ५ कोटी डॉलरचे अग्रहक्क भाग विकले. गॅरंटी ट्रस्टसारख्या गरज नसलेल्या संस्थेनेही सरकारकडून भांडवल घेतले आणि पुढे लौकरच ते परत केले. मोठ्यांनी घेतले म्हटल्यावर लहानांची लाज गेली.

शिकागोच्या कॉन्टिनेंटल इलिनॉय बँकेबाबत मात्र जोन्स यांनी वेगळे रूप दाखवले. तिथेही सरकारने ५ कोटी डॉलर घातले, पण अध्यक्ष आम्ही सांगू तो नेमावा लागेल, असा आग्रह धरला. संचालक मंडळ चरफडले. अखेर वॉल्टर कमिंग्स यांची नेमणूक झाली. भागीदार गप्प बसेल, पण वेळ आली तर तो मालकासारखा वागेल, हे या एका उदाहरणाने सर्वांना कळले. एरवी आरएफसीने रोजच्या कारभारात फारशी ढवळाढवळ केली नाही. ज्यांना बाबूशाहीचे भय वाटत होते त्यांचे भय बव्हंशी फोल ठरले.

या सगळ्याला एक कालमर्यादा होती आणि ती निर्दय होती. जून १९३३ च्या बँकिंग कायद्याने ठेव विम्याची योजना आणली. १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळणार होते. मात्र विम्यात प्रवेश हवा असेल तर बँक सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र लागणार होते. तपासनीसांच्या फौजा गावोगावी फिरल्या. वर्ष संपत आले तेव्हा सुमारे दोन हजार बँका त्या कसोटीला उतरत नव्हत्या.

आता पेच उभा राहिला. खरे बोलावे, तर १ जानेवारीला या दोन हजार बँकांना विमा नाकारला जाणार, त्यांची नावे जगजाहीर होणार आणि मार्च १९३३ पुन्हा उगवणार. खोटे बोलावे, तर विमा योजनेचा पायाच पोकळ राहणार. जोन्स यांच्या आठवणींनुसार त्यांनी अर्थखात्याची सूत्रे हाती घेत असलेल्या हेन्री मॉर्गेन्थाऊ यांच्यापुढे तोडगा ठेवला. या बँका सुस्थितीत आहेत असे प्रमाणपत्र आज द्या. सहा महिन्यांत भांडवल घालून त्या खरोखर तशा करण्याची जबाबदारी माझी. मॉर्गेन्थाऊ यांनी ते मान्य केले.

म्हणजे १ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकन सरकारने दोन हजार बँकांविषयी जे लिहून दिले ते त्या दिवशी खरे नव्हते. नियमावर बोट ठेवणारा याला फसवणूक म्हणेल, आणि त्याच्याकडे उत्तर नाही असे नाही. पण ज्या ठेवीदारांचे पैसे त्या दोन हजार बँकांत होते त्यांच्या बाजूने पाहिले तर खरे बोलण्याची किंमत कोणी चुकवली असती, हेही विचारावे लागते. हा जुगार जिंकला तो केवळ एका कारणाने. वचन देणाऱ्याच्या हाती वचन पाळण्याइतका पैसा होता आणि त्याने ते पाळले. पाठीशी भांडवल नसताना असेच प्रमाणपत्र दिले गेले असते, तर आज जोन्स यांचे नाव वेगळ्या प्रकरणात वाचावे लागले असते.

एकंदर सहा हजारांहून अधिक बँकांना आरएफसीने भांडवल पुरवले. अग्रहक्क भाग, आणि जिथे राज्याच्या कायद्याने ते काढता येत नव्हते तिथे भांडवली रोखे, असे दोन्ही मिळून रक्कम १ अब्ज डॉलरच्या वर गेली. एका टप्प्यावर देशाच्या बँकिंग व्यवस्थेतील एकूण भांडवलाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग सरकारच्या मालकीचा होता. खासगी उद्योगाचा अभिमान मिरवणाऱ्या देशात हे घडले आणि फारसा गाजावाजा न होता घडले. १९३३ मध्ये सुमारे चार हजार बँकांचे व्यवहार थांबले होते. १९३४ मध्ये विमा असलेल्या बँकांपैकी बुडाल्या फक्त नऊ.

तरीही सगळे साधले असे म्हणता येत नाही. बँका वाचल्या, पण कर्जे देईनात. मिळालेले भांडवल कवटाळून त्या सरकारी रोखे विकत घेत बसल्या. जोन्स यांनी न्यूयॉर्कमध्ये जाऊन बँकवाल्यांना सुनावले, की तुम्ही कर्ज दिले नाही तर सरकार देईल. आणि जून १९३४ मध्ये कायद्याने आरएफसीला उद्योगांना थेट कर्ज देण्याचा अधिकार मिळाला. शिवाय मार्चनंतर ज्या हजारो बँका उघडल्याच नाहीत त्यांच्या ठेवीदारांची गोष्ट कोणत्याही गौरवग्रंथात ठळक अक्षरांत येत नाही. बंद बँकांच्या अवसायकांना आरएफसीने कर्जे दिली आणि त्यामुळे अनेकांना पैसे लवकर मिळाले, हे खरे. पण सर्वांना सगळे मिळाले नाहीत. कोणाला वाचवायचे आणि कोणाला नाही, याची निवड या उपायात अटळच असते.

सरकारचा पैसा मात्र बुडाला नाही. बँका सावरत गेल्या तसे त्यांनी आपले भाग परत विकत घेतले आणि बहुतांश रक्कम लाभांशासह तिजोरीत परतली.

या कथेतील दोन बँकांची नावे पुढेही भेटतात. १९८४ मध्ये कॉन्टिनेंटल इलिनॉय पुन्हा कोसळली. तेलक्षेत्रातील बुडीत कर्जांनी तिला खाल्ले होते. या वेळी ठेव विमा महामंडळाने १ अब्ज डॉलर भांडवल घालून ८० टक्के मालकी ताब्यात घेतली. त्यावरच्या संसदीय सुनावणीत ‘बुडू देता येणार नाही इतकी मोठी’ हा वाक्प्रयोग गाजला आणि तो आजतागायत टिकला. दुसरी नॅशनल सिटी बँक. काळाच्या ओघात तिची सिटीग्रुप झाली.

२००८ च्या संकटात अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी आधी बँकांची कुजकी कर्जे विकत घेण्याचा घाट घातला होता. त्यासाठी काँग्रेसने ३ ऑक्टोबरला ७०० अब्ज डॉलर मंजूर केले. पण कोणते कुजके कर्ज किती भावाने घ्यायचे, हे ठरवण्यातच महिने गेले असते. ८ ऑक्टोबरला ब्रिटनने आपल्या बँकांत थेट भांडवल घालण्याची योजना जाहीर केली. १३ ऑक्टोबरला पॉल्सन यांनी नऊ बड्या अमेरिकन बँकांच्या प्रमुखांना बोलावले आणि प्रत्येकापुढे एक पानी करार ठेवला. नऊ जणांत मिळून १२५ अब्ज डॉलर, अग्रहक्क भागांच्या रूपाने, पहिली पाच वर्षे ५ टक्के आणि नंतर ९ टक्के लाभांश. वेल्स फार्गोच्या प्रमुखांनी आपल्याला गरज नसल्याचे सांगून हरकत घेतली. उत्तर पंचाहत्तर वर्षांपूर्वीचेच होते : सगळ्यांनीच घ्यायचे. संध्याकाळपर्यंत नऊही सह्या झाल्या. सिटीग्रुपच्या वाट्याला २५ अब्ज आले, आणि महिन्याभरात तिला आणखी २० अब्ज लागले.

‘सगळ्यांनीच घ्या’ हा मंत्र प्रत्येक वेळी फळतोच असे नाही. जपानने मार्च १९९८ मध्ये २१ बँकांना मिळून १.८ लाख कोटी येन दिले. मोठ्या बँकांनी संकोचाने जवळपास सारख्याच रकमा मागितल्या, कारण जास्त मागणारा उघडा पडला असता. ताळेबंदांतील खरी भगदाडे कोणी नीट मोजलीच नव्हती. त्याच वर्षअखेरीपूर्वी त्यांपैकी लाँग टर्म क्रेडिट बँक आणि निप्पॉन क्रेडिट बँक या दोन बँकांचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. पुढच्या मार्चमध्ये सुमारे साडेसात लाख कोटी येन घालावे लागले तेव्हा कुठे पडझड थांबली. जोन्स यांच्या मागे गावोगाव फिरलेल्या तपासनीसांच्या फौजा होत्या, हा तपशील इथे आठवतो.

पैसा परत येईलच याचीही हमी नसते. अमेरिकन सरकारला २००८ मधील बँक-भांडवलातून घातल्यापेक्षा अधिक रक्कम मिळाली. ब्रिटनने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये सुमारे साडेपंचेचाळीस अब्ज पौंड ओतले आणि मे २०२५ मध्ये शेवटचे समभाग विकून हिशेब केला तेव्हा सुमारे १० अब्ज पौंडांची खोट निघाली.

भारतात हा प्रश्न वेगळ्याच रूपात आला, कारण इथे बहुतेक मोठ्या बँकांचे मालक सरकारच होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक बँकांसाठी २.११ लाख कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांपैकी १.३५ लाख कोटी पुनर्भांडवल रोख्यांतून यायचे होते. बँकांनी आपल्याकडील ठेवींच्या पैशातून सरकारचे रोखे घ्यायचे आणि त्याच पैशातून सरकारने त्या बँकांचे भाग घ्यायचे, असा हा वर्तुळाकार व्यवहार. पैसा दाराबाहेर गेलाच नाही, तरी ताळेबंदात भांडवल उभे राहिले. व्याजाचा भार मात्र अर्थसंकल्पावर पडला. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या कडक निर्बंधांखाली होती. जानेवारी २०१९ मध्ये ती त्यांतून बाहेर पडली.